नव्या ओट्याची काळजी: आधी दगड ओळखा, मग फडकं उचला

ओटा खराब होतो तो वर्षानुवर्षं रांधून, असा आपला समज असतो. मी पाहिलेल्या बिघडलेल्या ओट्यांची गोष्ट मात्र बहुतेक वेळा उलटीच निघाली. वापरून झिजलेले ओटे कमी, आणि नवे असताना पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रूप गेलेले जास्त. रूप घालवणारेही ठरलेले. एक तर काम संपल्यावर "ताई, सगळं चकाचक करून देतो" म्हणणारे मिस्त्री, नाही तर हौसेने घर लावणारे आपण.

आधी मिस्त्रींचं बघू. ओटा बसला, डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्स लागल्या, जोड भरले की सगळीकडे सिमेंटचे शिंतोडे आणि राखाडी थर उरतो. तो काढायचा बांधकामावरचा हमखास उपाय म्हणजे अ‍ॅसिड. कॅनवर नाव असो वा नसो, आत असतं पाणी घातलेलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. सिमेंटमधला चुना त्यात विरघळतो आणि तासाभरात सगळं लख्ख दिसतं. पण हेच अ‍ॅसिड कडप्प्यावर किंवा संगमरवरावर पडलं की दगड फसफसतो आणि पॉलिश जातं. ग्रॅनाइट त्या दिवशी तरी शाबूत दिसतो. मात्र फिकट रंगाच्या ग्रॅनाइटमध्ये लोह असलेल्या खनिजांचे कण असतात. अ‍ॅसिडने त्यांतलं लोह सुटतं, पुढे ते गंजतं आणि काही आठवड्यांनी दगडावर पिवळट छटा चढते. तोवर मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेलेले असतात. जोडांतलं सिमेंटही थोडं खाल्लं जातं. स्टीलच्या सिंकवर आणि नळावर अ‍ॅसिडच्या वाफा बसून बारीक तांबडे ठिपके पडतात, आणि आपण सिंक हलकं निघालं म्हणून दुकानदाराला बोल लावतो.

म्हणून ओटा बसवायचं ठरवतानाच सांगून ठेवा की ओट्यावर आणि सिंकच्या आसपास अ‍ॅसिड फिरणार नाही. सिमेंट ओलं असतानाच ओल्या स्पंजने पुसलं तर अ‍ॅसिडची गरजच पडत नाही. वाळलेला गोळा प्लॅस्टिकच्या पट्टीने निघतो. ग्रॅनाइटवर ब्लेड जवळजवळ आडवं धरून खरवडलं तरी चालतं, पण कडप्पा आणि संगमरवरावर नको, तिथे ओरखडा उठतो. जोड सिमेंटऐवजी एपॉक्सीने, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या लेपाने भरणार असतील तर जास्त लक्ष ठेवा. एपॉक्सी एकदा घट्ट झालं की त्याचा पुसट थर काढणं महाकठीण. ते भरता भरताच पुसून घ्यावं लागतं.

तुमचा ओटा नक्की कशाचा?

काळजी काय घ्यायची हे दगडावर ठरतं, आणि आपल्याकडे गोंधळ इथूनच सुरू होतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टवर उभा आहे. आपले पाटे-वरवंटे आणि जाती त्याच दगडाची. पण बेसॉल्ट थंड होताना इतका तडकलेला असतो की त्याच्या आठ-दहा फुटी सलग लाद्या सहसा निघत नाहीत. त्यामुळे ओट्याचा दगड आपल्याकडे बाहेरून आला. जुन्या चाळींत आणि वाड्यांत दिसतो तो कडप्पा आंध्रातला, शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली आणि कोटा राजस्थानातला. तिन्ही चुनखडीचे दगड. त्यांतलं मुख्य खनिज कॅल्साइट. ते मऊ असतं आणि आंबटापुढे अजिबात टिकत नाही, लगेच विरघळतं. संगमरवर म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेत आणि दाबात रूप बदललेली चुनखडीच. मकराण्याचा पांढराशुभ्र संगमरवर ताजमहालाला लागला म्हणून तो ओट्यालाही चालेल असं नाही. ताजमहालात कुणी सोलकढी करत नाही.

ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी. त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही कडक खनिजं. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर कॅल्साइट ३ वर, सुरीचं पोलाद साडेपाचाच्या आसपास, फेल्डस्पार ६ आणि क्वार्ट्झ ७. म्हणून सुरीने कडप्प्यावर रेघ उमटते, ग्रॅनाइटवर उमटत नाही. लिंबाचाही त्यावर परिणाम होत नाही. बाजारात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून मिळणारे बरेच दगड शास्त्राच्या हिशेबात ग्रॅनाइट नाहीत. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमाकुर्तीच्या खाणींतून येतो आणि तो गॅब्रो नावाच्या दुसऱ्याच गडद दगडाच्या जातीचा आहे. आपल्याला त्याचं सोयरसुतक एवढंच की हे काळे दगड सहसा घट्ट असतात, पाणी-तेल फारसं पीत नाहीत. पांढरे, क्रीम, फिकट राखाडी ग्रॅनाइट मात्र पितात. दुकानात पांढरा ग्रॅनाइट देखणा दिसतो हे खरं, पण रोज फोडणी होणाऱ्या घरात मी काळाच सुचवते.

दगड बसलाय, पण नक्की कोणता ते माहीत नाही, अशी वेळ आली तर सिंकखालच्या बाजूला किंवा कापून उरलेल्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचा थेंब ठेवा. पाच-दहा मिनिटांनी पुसून तिरक्या उजेडात बघा. तिथली चमक गेली असेल तर दगड चुनखडीच्या कुळातला. काही झालं नाही तर ग्रॅनाइट किंवा त्याचा भाऊबंद. दुसरी परीक्षा काळ्या दगडाची. करड्या दगडाला रंग देऊन काळा म्हणून विकण्याचे प्रकार होतात. पांढऱ्या सुती कापडाला थोडं अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश काढायच्या बऱ्याच द्रव्यांत असतं ते) लावून न दिसणाऱ्या कडेवर जोरात घासा. कापड काळं झालं तर रंग दिलेला आहे. असा ओटा लिंबा-साबणाने दोन-तीन वर्षांत ठिकठिकाणी करडा पडतो, आणि ते डाग पुसून जात नाहीत. कारण ते डाग नसतात, दगडाचा मूळ रंग असतो. ही परीक्षा दुकानातच केलेली बरी. ओटा बसल्यावर कळून हळहळण्यापलीकडे काही उरत नाही.

पहिले काही आठवडे

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी कडप्प्याच्या उभ्या-आडव्या पाट्यांचा सांगाडा होतो. त्यावर सिमेंट-वाळूचा माल पसरतात आणि वर ग्रॅनाइट बसवतात. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. म्हणजे १० फूट लांब आणि २ फूट रुंद ओट्यावर ९० किलोंच्या आसपास दगड टेकलेला असतो, आणि तो टेकलेला असतो अजून पुरत्या न आवळलेल्या सिमेंटवर. सिमेंटची ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने मोजतात. सुरुवातीचे काही दिवस तर नक्कीच ओट्यावर चढून वरची कपाटं लावणं, पंखा पुसणं, पडद्याचा रॉड ठोकणं बंद. सिंकच्या पुढची आणि हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) पुढची पट्टी जेमतेम दोन-तीन इंच रुंद उरलेली असते. तिच्यावर गुडघा टेकला तरी ती तडकू शकते. कट-आउटचे, म्हणजे सिंक-हॉबसाठी कापलेल्या भोकांचे कोपरे काटकोनात कापलेत की थोडे गोलसर, हेही बघून ठेवा. काटकोनाच्या टोकावर ताण एकवटतो आणि चीर तिथूनच निघते. दगड बसवायच्या आधी सांगितलं तर कोपरा गोल करून घेणं कारागिराला पाच मिनिटांचं काम असतं.

फिकट दगडावर या दिवसांत गडद ओले पट्टे दिसतात, विशेषतः जोडांजवळ आणि कडेला. खालच्या मालातलं पाणी दगडातून वर येत असतं. लोक घाबरतात, घासत बसतात, कुणी हेअर ड्रायर लावतं. काही करू नका. पाणी उडून जायला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात जास्तच. कधी सोबत पांढरी भुकटी वर येते. तो सिमेंटमधला क्षार. कोरड्या ब्रशने झाडायचा, ओल्या फडक्याने पुसला तर पुन्हा आत जातो. पण ओले पट्टे दोन महिने उलटूनही तसेच असतील, किंवा सिंकभोवती वाढत असतील, तर कुठेतरी गळतंय. मग प्लंबरला बोलवा.

ओटा आणि भिंत यांच्या फटीत, सिंकच्या कडेला सिलिकॉन भरतात. ते भरताना आंबट वास आला तर ते व्हिनेगरच्या जातीचं अ‍ॅसिड सोडणारं सिलिकॉन आहे. काचेला ते ठीक, संगमरवर आणि कडप्प्याला नाही. नैसर्गिक दगडासाठी 'न्यूट्रल' प्रकारचं मागून घ्या. फिकट दगड असेल तर दगडावर डाग न पडणारं आहे ना, तेही विचारा. साध्या सिलिकॉनमधला तेलकट अंश दगडात उतरतो आणि कडेने गडद पट्टी उमटते, ती नंतर निघत नाही. भरल्यावर निदान एक दिवस त्याला पाणी लागू द्यायचं नाही.

आता आपली हौस. गृहप्रवेशाच्या दिवशी नव्या ओट्यावर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढतात, समई लावतात, दूध उतू घालवतात, कुणी उत्साहाने नारळही तिथेच फोडतं. मनाला हे सगळं बरं वाटतं, दगडाला नाही. पाण्या-तेलाला अडवणारं सीलर न लावलेल्या फिकट ग्रॅनाइटवर समईतून ओघळलेलं तेल रात्रभर राहिलं तर तो गोल डाग काढायला नंतर लेपांवर लेप लावावे लागतात. ओल्या कुंकवाचा रंगही मुरतो. स्वस्तिक केळीच्या पानावर किंवा ताटात काढा, समईखाली ताम्हन ठेवा आणि नारळ ओट्यावर अजिबात फोडू नका. नारळ काय, खलबत्ताही नको. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा ठोका बसला की खालच्या मालात कुठे पोकळी असेल तिथे दगड दगा देतो. ओटा पोकळ बसलाय का ते बोटाच्या पेराने टकटक करून कळतं, पोकळ जागी आवाज बदलतो. ही तपासणी मिस्त्रींचे शेवटचे पैसे देण्याआधी करायची.

जागेवर हॉबसाठी किंवा नळासाठी भोक पाडायचं राहिलं असेल तर कापताना पाणी सोडायला लावा आणि मुलांना घराबाहेर न्या. दगड कोरडा कापला की बारीक सिलिकाची धूळ उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच तिला कर्करोगकारक ठरवलं आहे. ती धूळ झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. कारागिरांकडे मास्क नसेल तर आपण आणून द्यावा. त्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त धूळ खातात.

वर बसलंय, आत मुरलंय की दगडच गेलाय?

ओट्यावर काहीतरी दिसलं की आपण त्याला डाग म्हणतो आणि घासायला लागतो. घासण्याआधी अर्धा मिनिट बघा. तीनच शक्यता असतात.

पहिली, काहीतरी वर बसलंय. नळाच्या बुंध्याशी, सिंकच्या काठावर पांढरं खरखरीत पुट चढतं ते बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमचं. बोटाने चाचपलं तर उंचवटा लागतो. काळ्या ग्रॅनाइटवर दिसणारा धुरकट, चिकट पदर बहुतेकदा साबणाचा असतो. भांड्यांचं लिक्विड सढळ हाताने टाकून ओटा पुसला आणि साध्या पाण्याने परत पुसला नाही की हा पदर साठत जातो. लोकांना वाटतं पॉलिश गेलं. कोमट पाण्याने दोनदा पुसून कोरडा केला की पॉलिश परत आलेलं दिसतं! स्टीलच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याने उमटलेल्या करड्या रेघाही याच जातीच्या. तो ओरखडा नसतो, भांड्याचा धातू दगडावर घासून लागलेला असतो. ग्रॅनाइटवर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळला की जातो.

दुसरी शक्यता, काहीतरी आत मुरलंय. हा खरा डाग. बोटाला काही लागत नाही, चमक तशीच असते, फक्त रंग बदललेला. तेल, चहा, हळद, गंज.

तिसरी, दगडाचाच पृष्ठभाग गेलाय. कडप्प्यावर लिंबू चिरून ठेवलं, दह्याचं भांडं सांडलं, आमसुलाचं पाणी ओघळलं की पांढुरका, निस्तेज चट्टा उरतो. त्याला लोक 'पाण्याचा डाग' म्हणतात. पण तिथे काढून टाकायला काही नसतंच. उलट जे होतं ते गेलं आहे. अशा चट्ट्यावर आणखी काही ओतून उपयोग नाही, लिंबू-सोड्याचे घरगुती उपाय तर चट्टा वाढवतात. छोटा चट्टा बारीक पॉलिशिंग पावडरने सुधारतो. मोठ्याला पॉलिशवाल्यांनाच बोलवावं लागतं, ते डायमंडच्या चकत्यांनी वरचा पातळ थर घासून नवी चमक काढतात. दगडाचं पॉलिश म्हणजे वरून लावलेलं वार्निश नसतं. दगडच इतका बारीक घासलेला असतो की तो चमकतो, म्हणून तो परत घासता येतो. जुन्या कडप्प्यावर आज्या तेलाचं बोट फिरवायच्या. त्याने चट्टे काही दिवस दिसेनासे होतात, पण तेलावर धूळ बसून ओटा चिकट होतो. पाहुणे यायच्या दिवशी ठीक आहे.

यातून सीलरबद्दलचा एक मोठा गैरसमजही सुटतो. सीलर म्हणजे दगडाच्या बारीक छिद्रांत उतरून पाण्या-तेलाला अडवणारं द्रव्य. ते दुसऱ्या शक्यतेला लांबवतं, म्हणजे सांडलेलं पुसायला तुम्हाला वेळ मिळतो. तिसऱ्यावर त्याचा काही उपयोग नाही. संगमरवराला महागडं सीलर लावलं तरी लिंबू त्याचं पॉलिश नेणारच.

सीलर हवं की नको ते दगडालाच विचारा. ओटा पूर्ण वाळल्यावर चमचाभर पाणी ओतून १० मिनिटं थांबा. पुसल्यावर खालची जागा गडद दिसली तर दगड पाणी पितो, सीलर लावा. नाही दिसली तर पैसे वाचवा. घट्ट काळ्या दगडाने सीलर प्यायलंच नाही तर ते वर राहून उलट धुरकट दिसतं. लावायचं तेव्हा ओटा स्वच्छ आणि एक दिवस कोरडा हवा. कापडाने पसरवा, डब्यावर लिहिली असतील तेवढी मिनिटं थांबा आणि उरलेलं वाळायच्या आत कोरड्या फडक्याने पुसून टाका. इथेच बहुतेकांचं चुकतं. जास्त लावलं की जास्त टिकतं, हा हिशेब इथे चालत नाही. पुढे दरवर्षी पाण्याची तीच परीक्षा घ्यायची, गरज दिसली तरच पुन्हा.

हळद

हळदीला वेगळी जागा द्यायलाच हवी, कारण परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत कॉफी आणि वाइनच्या डागांवर पानंच्या पानं असतात आणि हळदीचं नाव नसतं. हळदीचा रंग करक्युमिनचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात छान विरघळतं. फोडणीत तेल आणि हळद एकत्र असतात, म्हणजे तेल रंगाला सोबत घेऊनच दगडात शिरतं. नुसत्या पाण्याने पुसून ती पसरते. आधी कोरड्या कागदाने तेल टिपा, मग साबणाचं पाणी. साबण लागताच पिवळा डाग लाल झाला तर दचकू नका. करक्युमिन अल्कलीत लाल होतं. पारंपरिक कुंकू हळदीत चुना घालूनच करतात. साध्या पाण्याने धुतलं की तो पुन्हा पिवळा होतो.

करक्युमिनची दुखरी नस म्हणजे ऊन. उजेडाने ते मोडतं. डब्याच्या झाकणावरची हळद उन्हात ठेवून जाते ती याचमुळे. खिडकीजवळच्या ओट्यावरचा पुसट पिवळेपणा दोन-चार दिवसांत आपोआप ओसरतो. ऊन येत नसेल आणि दगड फिकट असेल तर लेप करा. औषधांच्या दुकानात मिळणारं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, त्यात खाण्याचा सोडा घालून दह्याइतकं दाट कालवा. हातमोजे घालून डागावर अर्धा सेंटिमीटर जाड थापा, वर प्लॅस्टिक घालून कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवसाने प्लॅस्टिक काढा आणि लेप आपोआप वाळू द्या. हे वाळणं महत्त्वाचं. झाकलेलं असताना द्रव दगडात शिरतो आणि डाग सोडवतो. उघडल्यावर तो लेपातून वर येऊन उडून जातो आणि येताना डाग सोबत आणतो. ओला असतानाच लेप पुसून टाकला तर अर्धी मेहनत वाया जाते. एका लेपात न गेल्यास पुन्हा करा. काळ्या दगडावर पेरॉक्साइडने रंग फिका होण्याची भीती असते, म्हणून आधी कोपऱ्यात करून बघा. नुसत्या तेलाचा डाग असेल तर पेरॉक्साइडऐवजी अ‍ॅसिटोन घ्या, पण तेव्हा गॅस आणि पायलट दिवा बंद, खिडक्या उघड्या. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं.

गंजाचा डाग सर्वांत चिवट. ओला लोखंडी तवा, विळी किंवा तारेच्या घासणीचा तुटलेला तुकडा रात्रभर ओट्यावर राहिला की सकाळी तांबडं कडं तयार. गंज काढणारी बाजारातली काही रसायनं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडची असतात, आणि ग्रॅनाइटलाही खाणारं हे अ‍ॅसिड. माणसालाही ते फार घातक. घरी प्रयोग नकोत, पॉलिशवाल्यांना दाखवा.

क्वार्ट्झचा ओटा असेल तर

गेल्या काही वर्षांत नव्या फ्लॅटमध्ये पांढराशुभ्र क्वार्ट्झ आला आहे. हा खाणीतून सलग निघणारा दगड नव्हे. वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि उरलेलं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक, यांचा हा दाबून केलेला तक्ता. इटलीच्या ब्रेटन कंपनीने हे तंत्र जगभर नेलं. याला छिद्रं जवळजवळ नसतात, सीलर लागत नाही, लिंबाने काही होत नाही. मग भीती कशाची? उष्णतेची. रेझिनला १५० अंशांच्या आसपास बाधा होऊ शकते. पुऱ्या तळायचं तेल १८० अंशांवर असतं आणि भाकरीचा तवा त्याहून तापतो. कढई थेट टेकवली की पिवळं किंवा पांढरट वर्तुळ उमटतं, आणि ते कायमचं. क्वार्ट्झ घेतला असेल तर ओट्यावर दोन जाळ्या कायम ठेवा. कपाटात ठेवलेली जाळी घाईच्या वेळी कुणी काढत नाही. ग्रॅनाइटला गरम भांड्याचा एवढा धोका नसतो, तरी सिंकजवळच्या अरुंद पट्टीवर उकळतं पातेलं ठेवून शेजारी गार पाणी सोडणं त्यालाही सोसवेलच असं नाही.

क्वार्ट्झला ऊनही सोसत नाही. रेझिन उन्हाने पिवळं पडतं, म्हणून ड्राय बाल्कनीत कडक ऊन येत असेल तर तिथे ग्रॅनाइटच बरा. हिरव्या घासणीने पांढऱ्या क्वार्ट्झवर निस्तेज पट्टे पडतात. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, ते क्वार्ट्झहूनही कठीण. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असे कृत्रिम दगड बनवणं, विकणं आणि बसवणं थांबवलं. घरात बसलेल्या ओट्यापासून धोका म्हणून नव्हे, ते कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस, म्हणजे त्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, होत होता म्हणून. आपल्याकडे अशी बंदी नाही, म्हणून जागेवर कापण्याबद्दल वर लिहिलेलं क्वार्ट्झला दुपटीने लागू.

अ‍ॅक्रिलिकचे तक्तेही असतात. ड्यूपाँटचं कोरिअन हे त्यांतलं सर्वांत माहितीचं नाव. ओरखडे लवकर पडतात, पण बारीक सँडपेपरने घासून जातात. गरम भांडं त्यांनाही नको.

रोजचं

रोजच्यासाठी फार काही लागत नाही. बादलीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, मऊ फडकं, नंतर साध्या पाण्याचा एक हात आणि मग कोरडं फडकं. हा शेवटचा कोरडा हात जड पाण्याच्या गावात सर्वांत मोलाचा. पुट चढतं ते पाणी जागेवर वाळल्यामुळे. ग्रॅनाइटवर चढलेलं पुट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. फारच घट्ट असेल तर पाणी घातलेलं व्हिनेगर फडक्याने त्याच जागी दोन मिनिटं लावून धुऊन टाका. कडप्पा, कोटा, संगमरवर असेल तर व्हिनेगर बाटलीतच राहू द्या. पुट आणि दगड दोन्ही एकाच खनिजाचे, व्हिनेगरला फरक कळत नाही.

बऱ्याच घरांत ओटा पुसतात भांडी घासायला येणाऱ्या मावशी. कोणती घासणी भांड्यांना आणि कोणती ओट्याला, हे त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा आणि मऊ फडकं हाताशी टांगून ठेवा. समोर हिरवी घासणीच असेल तर त्यांनी तीच वापरली यात त्यांचा दोष नाही.

बाथरूमचा काउंटर स्वयंपाकघरापेक्षा निवांत, पण तिथे संगमरवर जास्त वापरतात आणि शत्रू वेगळे असतात. केसांचा कलप, मेंदी, अत्तर, नेलपॉलिश काढायचं द्रव्य या बाटल्या ट्रेमध्ये ठेवा. सर्वांत मोठा धोका कमोड साफ करायच्या लिक्विडचा. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच असतं, आणि ओली बाटली संगमरवरावर टेकवली की बुडाएवढं वर्तुळ कोरलं जातं. ती बाटली जमिनीवर. तिच्यासोबत ब्लीच कधीही वापरू नका, दोन्ही मिसळून क्लोरीन वायू होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

शेवटी चिरेबद्दल. ग्रॅनाइटमध्ये नैसर्गिक शिरा असतात आणि नव्या ओट्यावर त्या पाहून लोक मिस्त्रींना फोन लावतात. नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं नाही तर ती शीर, राहू द्या. अडकलं तर चीर. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि महिनाभराने बघा. लांबली नसेल तर रंग जुळवलेलं एपॉक्सी भरून घेतलं की झालं. लांबली असेल तर वर भरून उपयोग नाही. खालची कडप्प्याची पाटी खचली असणार, आधी तिला टेकू द्यावा लागेल. ते काम ओटा बसवणाऱ्यांकडूनच करून घ्या, आणि बोलवताना पेन्सिलच्या खुणांचा फोटो पाठवा.